भरलेला ड्रम

तिथं नाही, काशीनाथ. खाली. अजून खाली घे. माझ्यासाठी बसवतोयस होय तू? बाई माझ्या खांद्याला लागते, तिचा हात कुठवर पोचणार? हां, तिथं. तिथं खूण कर. उदयने तुला माप दिलंच नसणार — ‘बाथरूमला एक दांडा पाहिजे’ एवढं सांगून स्कूटरला किक मारली असेल. पोटचा पोरगा माझा, पण त्याला विचार आईची उंची किती, सांगता यायची नाही. तू तुझं काम कर. मी या खाटेवरनं बघतो. उठायची गरज नाही मला, इथनं सगळं दिसतं.

संध्याकाळी येतेय ती दवाखान्यातनं. वैजयंता, माझी बायको. खुबा मोडला तिचा. आत लोखंडाचा गोळा बसवलाय आणि हातात वॉकर दिलाय, चार पायांचा — आणि तो वॉकर या दारातनं आत जात नाही. कसा जाईल? बिल्डरने दार केलंय का कपाटाचं झाकण? वर हा उंबरठा घातलाय, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. म्हणजे उंबरठ्यापर्यंत वॉकर, आणि पुढे काय, उडी मारायची म्हाताऱ्या बाईनं? दवाखान्यात आयाबाई धरून नेते. ते तिला लागलंय. काल मला म्हणाली, घरी कुणी मला धरून मोरीत नेणार असेल तर मी येत नाही — सून नको, पोरगा तर नकोच. मी म्हटलं, तुझी तू जाशील, माझा शब्द आहे. अख्ख्या संसारात त्या बाईनं माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणून सांगतो, हा दांडा हलता कामा नये.

फरशी बघ जरा. तोंड दिसतंय तिच्यात. उदयला भारी कौतुक — नायगावची चाळीतली खोली विकली, इथं पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या मागं ब्लॉक घेतला, बाथरूमला गुळगुळीत लाद्या लावल्या, येईल त्याला दाखवायचा. चाळीत काय होतं? खडबडीत शहाबादी फरशीची मोरी. शेवाळ धरलं की मी काथ्यानं घासायचो. कुणी पडलं नाही. मी गोदीत होतो, काशीनाथ. बोटीवरनं धक्क्यावर फळी टाकलेली, पाठीवर पोतं, खाली काळं पाणी, फळी झोपाळ्यासारखी हलतेय — पाय घसरला नाही कधी. आणि माझी माणसं पडणार कुठं, तर हातरुमालाएवढ्या बाथरूममध्ये. राजश्री, सून माझी, तिनं सासूला रबरी सपाता आणून दिल्या. चांगलं केलं. पण दिल्या कुठं, तर या हॉलमध्ये. समोर भिंतीवर भगवान बुद्धांचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो — त्यांच्यासमोरनं सपाता वाजवत जाईल ती? चप्पल आमच्याकडे दाराबाहेर राहते. पिशवीतनं काढल्यासुद्धा नाहीत तिनं. नव्या आहेत, गावाला जाताना घालीन म्हणाली. राजश्री म्हणते, आईंना किती सांगितलं तरी कळत नाही. अगं, त्या सपाता बाथरूमच्या आत ठेवायच्या होत्या ना, उंबरठ्याच्या पलीकडे. आता बोलता बोलता सुचलं मला हे. तेव्हा कुणाला सुचलं? सगळे शिकलेले.

आणि लोकांना सांगतात काय, पाय घसरला. पाय नाही घसरला. मी होतो ना घरात. इथं, या दाराला लागून निळा ड्रम होता. तुमच्या खारी गावात विहिरी होत्या, तुला नाही कळायचं. आमच्याकडे नळ मनात आलं तर येतो, नाहीतर टँकरची वाट बघायची. पाणी भरून ठेवायचं म्हणून घराघरात ड्रम. आणि भरलेला ड्रम म्हणजे खांब. तू धक्का मार, मी मारतो, हलायचा नाही. बाई रोज त्याच्या काठावर हात ठेवायची आणि मग पाय उचलून आत टाकायची. तिला कुणी शिकवलं नाही, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. उंबरठा असा, फरशी अशी — माणूस काहीतरी धरणारच की नाही? त्या दिवशी नळ नव्हता, टँकर नव्हता. राजश्रीनं तळातलं होतं नव्हतं ते पाणी काढून भांडी घासली. पहाटे ही उठली. दिवा लावला नाही — नातू संघर्ष बारावीला, या हॉलमध्येच झोपतो, त्याच्या तोंडावर उजेड पडेल. त्यात ब्लडप्रेशरची गोळी वाढवून दिलेली. उठलं की गरगरायचं तिला, पण डॉक्टरला सांगायचं कशाला, उगाच दुसरी गोळी देईल. उठल्या उठल्या गेली आणि सगळा भार टाकला ड्रमच्या काठावर. ड्रम रिकामा. तो तिच्यासकट आडवा झाला. ओरडली नाही ती. मी आवाजानं उठलो, गेलो, तर हळू म्हणाली, ‘आधी लुगडं नीट करा. मग मारा त्यांना हाका.’

उदयनं काय केलं? ड्रमला लाथ घातली आणि गॅलरीत टाकला. झाला बंदोबस्त. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, आजी याआधी कधी पडल्या होत्या का? उदय म्हणाला, नाही, पहिल्यांदाच. डॉक्टर म्हणाला, हाडं आतनं पोकळ झालीत, आधी पडल्या असतील तेव्हाच आणायला हवं होतं. मला ठाऊक होतं, पहिल्यांदा नव्हे. काय सांगणार? ओट्यापाशी पडली होती ती. मागं एकदा जिन्यातही. उचलली मी, हळद लावली. तिनं शपथ घातली, उदयला बोलू नका. बरोबर होतं तिचं. कळलं असतं तर उदय म्हणाला असता, बाजारात जाऊ नका, विहारात जाऊ नका, बसून राहा. समोरच्या उर्मिलाबाईनं सासूला असंच काळजीनं खुर्चीत बसवलं. चांगली चालती बाई — पाय विसरले चालायचं. आता चौघं उचलतात. आम्हाला नको होतं तसलं. आमचं आम्ही बघत होतो. ती पडली की मी उचलायचो, मी पडलो की ती —

चालू कर मशीन. थांबलास कशाला?

झालं? आता लटक त्याला. सगळा भार टाक. काय म्हणतोस? सिमेंट ओलं आहे? उद्यापर्यंत हात लावायचा नाही? अरे, ती आज येतेय. परवा यायला सांगितलेला माणूस तू आज उगवतोस, आणि वर ‘न्हाय बाबा, सुकाया पायजे’. त्या बाईला सांगू का आज धरून ठेव, सिमेंट सुकायचंय? बिल्डर तसला, उदय तसला, तू तसला. राहू दे. मी उभा राहीन दाराशी, माझा खांदा धरून जाईल ती. पोती वाहिलेला खांदा आहे हा.

बघतोस काय? पायाकडे बघू नको. सुजलाय. सुजतो कधी कधी.

परवा. घरात सगळे कामाला गेलेले. बाथरूममध्ये नाही, इथंच, या खाटेवरनं उठताना. झोपेतनं उठलो, झटकन उभा राहिलो, डोळ्यांपुढं अंधार आला आणि खाली. पडलो त्याचं काही नाही. पण हाक कुणाला मारणार? उचलणारी दवाखान्यात. सरपटत गॅलरीत गेलो. राजश्रीनं त्या ड्रममध्ये पाणी भरलं होतं. काठ धरला, उभा राहिलो. हलला नाही तो.

काशीनाथ. गॅलरीत जा. आज धुऊन उपडा घातलाय तो, आत आण. इथं दाराला लागून ठेव — होता तिथंच, तिच्या हाताला सवय आहे. नळ आलाय, नळी सोड. काठोकाठ भर. आज रात्रीपुरता तोच. उदय बोंबलेल, बोंबलू दे. उद्या दांडा धरेल तेव्हा ड्रम जाईल. आणि उद्या येताना अजून एक दांडा आण. या खाटेजवळ, भिंतीला. माप मी देतो, तिचं घेऊ नको. उदयनं विचारलं तर सांग, टॉवेल वाळत घालायला.

हॉर्न ऐकलास? गाडी आली खाली. खुर्चीत बसवून आणतील तिला वर. भरला का? अजून चार बोटं रिकामा आहे. भर, कमी नको. ती आत येईल तेव्हा मी दाराशी उभा असणार. बसलेला दिसणार नाही मी तिला. नको, हात नको देऊ. माझा मी उठतो.

थांब.

दे हात. दार उघडलं की सोड.