फुगलेलं दार

बोटीले वापरतात त्या जाड प्लास्टिकचं पहिलं दार मी अकोल्यात जुन्या शहरातल्या वानखडे बाईंच्या अंगणातल्या न्हाणीले बसवलं. बाई विज्ञान शिकवायच्या, आता रिटायर. सकाळी दार असं घट्ट बसलं, की मीच खुश!

दुपारी दोनले बाईंचा फोन आला. "अरे, मी न्हाणीत अडकली! पोरीले अकोटले बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं, म्हणून फोन संग ठेवला होता. मले तीनची बस पकडाची हाय."

धावत गेलो. धक्के मारले, लाथा मारल्या, दार हलेच ना. म्हटलं, "बाई, तोडू का?"

"काहून तोडतं? दारावर ऊन हाय का?"

"हाय ना, कडक!"

"मंग उन्हानं फुगलं ते. थंड पाणी मार."

मी बादल्यावर बादल्या ओतून राहिलो, आतून बाई विचारून राहिल्या, "किती वाजले?" पावणेतीनले दार करकरलं अन् उघडलं. बाईंले गाडीवर बसवून थेट स्टँड गाठला. बस मिळाली.

संध्याकाळी पुन्हा फोन. "नात झाली रे! अन् एक सांगू? तू एवढं पाणी मारलं, पण आत एक थेंब नाही आला."