जुन्या विंडोजच्या पोटात

सून हरली असती, तर घनश्यामभाऊंना जुना कॉम्प्युटर भंगारात काढायची मोकळीक मिळाली असती आणि घरात मान ताठ राहिली असती, ती वेगळीच. दारव्ह्याला जीप भरेपर्यंत ते जीपवाल्या गोपालला सारं सांगत होते. मागच्या सीटवर बसलेल्या ओळखीच्या कोकिळाबाईंनी शेंगा फोडणं थांबवून विचारलं,

"तुमच्या गेलेल्या मायनं टाइप केलेली भुलाबाईची गाणी त्याच डब्यात होती ना, भाऊ?"

"त्यातच. मोबाइलवर घेतली का जुन्या अक्षरांचे नुसते किडे. म्या म्हनलं, गेली गाणी."

"मंग?"

"सूनबाई भैरवीनं जुनी विंडोज हलवली नाही. तिच्याच पोटात जुनी अक्षरं नव्यात बदलायची आजची हत्यारं बसवली. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली, बस."

"माउस?"

"हात नाही लावला. गाणी सरसर पलटून राह्यली होती. मंग मोबाइलवर मायचा शब्द न् शब्द. म्या हातच जोडले."

"म्हणजे सासूच्या घरात सून नांदली."

"अन् घराची वीट हलली नाही."

"पन मिशी काहून उतरवली? मले तं वाटलं, घरात कोनी गेलं," गोपाल म्हणाला.

"कोनी नाही गेलं. सुनेसंग पैज लागली होती. माय वापस आली, मोल मिशीनं भरलं."