पदराचा एक धागा

एकोणीसशे शहाण्णवचा मे. सुरतेत भेस्तानच्या स्टॉपवर कडोदऱ्याची बस येईना. माझ्यापुढे बाप-लेक उभे होते.

"साखरपुड्याचा शालू जाळलास, नूतन?"

"शालू नाही बाबा, पदराचा एक धागा. आमच्या लॅबमध्ये दिवसभर तेच चालतं. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, राख चिमटीत चुरते. हा वितळला, कडक गोळी झाली. रेशीम सांगून त्यांनी पॉलिएस्टर दिलंय."

"हळू बोल. आज त्यांच्याकडे तारीख ठरवायची आहे."

"म्हणूनच विचारणार आहे. वीस वर्षं लूमवर काढलीत, तुमच्या हाताला कळलं नाही?"

"कळलं."

"आणि गप्प बसलात?"

"ऐपत नसते, मग माणूस सांगतो रेशीम म्हणून. त्यात वाईट मन नसतं गं. ही बस कुठे मेली?"

"ताडून बघायला घरातला खरा शालू हवा होता. आईच्या लग्नातला काढला."

"त्याला कशाला हात लावलास?"

"त्याचीही गोळीच झाली, बाबा."

"...तिला सांगू नकोस."

"काडी तिनेच ओढली."