वेलावर तीन ठेवून

आजच्या समारंभाचे अध्यक्ष मुख्याध्यापक गुरुदास सर, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होऊन डिचोलीला घरी निघालेल्या आमच्या सुविधा टीचर, पालकहो आणि मुलांनो, सर्वांना माझा नमस्कार.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन टीचरनी शाळेच्या कपाटातून दिलेल्या पुस्तकांचं. भाषण म्हणून हे कमी पडेल. आठवण म्हणून ऐका.

चतुर्थीला गणपतीच्या वर आपण रानफळांची माटोळी बांधतो. त्यात आमच्या यांचा, कृष्णनाथांचा, हात धरणारं गावात कुणी नव्हतं. एका वर्षी स्पर्धेसाठी त्यांनी लालभडक कवंडळांचा वेल मुळासकट उपटून आणला. पहिलं बक्षीस! परीक्षक होत्या टीचर. बक्षीस देताना हळूच म्हणाल्या, "दादा, फुडल्या वर्सा खंयसून हाडतलास?"

पुढच्या वर्षी कुठून आणणार, हा प्रश्न ऐकून हे तडकले. "टीचर, तुमी डिचोलीसून येवन आमकां आमचो दोंगर शिकयतलात?"

पुढच्या वर्षी हे डोंगरावरून टोपली रिकामी घेऊन उतरले. झरीकडे, वेलाच्या जागी, नुसते दगड. दुपारी जेवले नाहीत. शाळा सुटल्यावर बस थांब्यावर टीचरना गाठलं आणि म्हणाले, "चुकलेंच म्हजें. पोरांक घेवन येयात. हांव दोंगर दाखयतां."

तेव्हापासून दर रविवारी मुलं झरीकडे जाऊ लागली. झरीचं पाणी व्हाळाला कसं मिळतं, व्हाळ नदीला कुठे भेटतो, हे पायी चालून शिकली. व्हाळात कुणी प्लास्टिक टाकलं की हे ओरडायचे, टीचर समजवायच्या. मुलं कुणाला जास्त घाबरायची? टीचरना! विसर्जनानंतर माटोळीतलं बी पुन्हा डोंगरावर टाकायचं, ही रीत मात्र यांची.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. सुतकाचं वर्ष सरलं, तरी माटोळी बांधायची नाही असं मी ठरवलं होतं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सातवीतली ऋतिका दारात उभी. हातात एक कवंडळ.

"एकूच गो?"

"एकूच, आजी. वेलार तीन दवरल्यांत."

"खंयच्या वेलार?"

"झरीकडल्या. आजोबांनी बी घाल्लें न्हय, थंय."

ते कवंडळ मी हातात घेतलं. मग माटोळी बांधली.

गेल्या महिन्यात टीचरनी विचारलं, "आता रविवारी मुलांना कोण नेणार?" हे गेल्यापासून ती चढण मी चढलेली नाही. त्यांच्याशिवाय तिथे उभं राहवेल का, ठाऊक नाही. पण टीचर, परक्या गावचा डोंगर तुम्ही बारा वर्षं चढलात. मी माझ्या गावचा का चढू नये?

टीचर, तुमचे आभार मानायला माझ्याकडे मोठे शब्द नाहीत. माझं बोलणं आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, एखादा शब्द वाकडा गेला असेल, तर घरचीच म्हणून पोटात घाला.

आणि मुलांनो, रविवारी सकाळी सात वाजता. मला धाप लागते, तेव्हा थांबावं लागेल. पिशव्या लहान आणा.