धुण्याचं यंत्र आणि तीन जिने

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आदरणीय प्राचार्य, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, माझे सहकारी, माझ्या तोंडाचा पट्टा मुकाट्याने सोसलेले विद्यार्थी, आणि कामगार वसाहतीतून हातातली कामं टाकून आलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

मानपत्र फार छान वाचलंत. माझ्या विद्यार्थ्यांनी वस्तीसाठी बनवलेल्या यंत्रांचं त्यात कौतुक आहे. सगळ्यांत गाजलं ते पायडल मारून कपडे धुण्याचं यंत्र. वीज नको, पाणी निम्मं. नऊ वर्षं दर मार्चमध्ये मुलांच्या प्रकल्पाला गुण द्यायला आम्ही परीक्षकांना घेऊन वसाहतीत जायचो, बायका हसतहसत पायडल मारायच्या आणि मी अहवालात लिहायची, वापर शंभर टक्के. आणखी चाळीस वसाहतींत हेच यंत्र बसवायचा कागद सोमवारी अध्यक्षांच्या सहीला जाणार आहे.

परवा मी आजच्या समारंभाचं आमंत्रण द्यायला तिथे गेले. न कळवता, पहिल्यांदाच.

यंत्राचं झाकण उघडलं, तर आत कांदे. हसा, मीही आधी हसलेच. मग खाली बघितलं तर पायडलला साखळीच नाही. ती मावशींच्या घरात, तेल लावून फडक्यात गुंडाळलेली. मार्चमध्ये चढवायला.

मावशी म्हणजे तिथले जिने झाडणाऱ्या, या काय तिसऱ्या रांगेत बसल्यात. माझ्यापेक्षा त्याच ओशाळल्या. म्हणाल्या, "मॅडम, कळवून यायचं ना. कांदे काढून ठेवले असते."

यंत्रात चादर मावत नाही, गुडघे धरतात, हाताने लवकर आटपतं, सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग इतकी वर्षं आम्हाला का फसवलंत, असं मी विचारलं. आवाज चढवूनच, जित्याची खोड.

"फसवलं कुठे? पोरं एवढी राबायची. आम्ही नको म्हटलं असतं, तर नापास झाली असती की."

तुम्हाला हवं तरी काय होतं, असं मग मी विचारलं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं ना! मावशी म्हणाल्या, "धुण्याचं काय एवढं? ओल्या कपड्यांची बादली तीन जिने चढून गच्चीवर न्यायची, त्यात कंबर जाते. वरून दोरीने ओढता आली असती तर."

एक कप्पी आणि दोर! एका दुपारचं काम. आणि आपल्या कॉलेजात पहिल्या वर्षाला कप्पीचा धडा कोण शिकवतं? मी. दरवर्षी, फळ्यावर.

अध्यक्ष महोदय, हात जोडून सांगते, सोमवारी सही करू नका. मानपत्र मी इथेच टेबलावर ठेवून जाते आहे. प्राचार्यांच्या कपाळावरची आठी मला इथून दिसते, आणि त्यांचं काही चुकत नाही.

संयोजकांनी हौसेने एवढा घाट घातला, तुम्ही सगळे वेळ काढून आलात, सगळ्यांची मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल तर पदरात घ्या. त्या नऊ अहवालांची माफी मात्र तिसऱ्या रांगेतच मागायला हवी. मावशी, चुकले मी. उद्या सकाळी येते. तुमची भरलेली बादली आधी मी स्वतः गच्चीवर नेऊन बघणार आहे.