गाऱ्हाण्यातलं ‘लवकर’

आता तुम्हीच सांगा, ‘लवकर’ या शब्दात वाईट काय आहे? शिवी आहे? अपशब्द आहे? चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो मी, चौतीस वर्षं हाच शब्द बोललो... लवकर चढा, लवकर उतरा, आजी पाय उचला लवकर, अहो ती कोंबडी पिशवीत घाला लवकर... एका माणसानं कधी तक्रार केली नाय! आणि आता बघा, गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाय. मी वाटेनं चाललो की पोरं लांबून ओरडतात, ‘काशीकाका, लवकर!’ आणि पळतात. ओरडणारच, त्यांचं काय चुकलं? भारताच्या संघातून आमची पोरगी बाहेर गेली ती माझ्यामुळे. हो, माझ्यामुळे! या तोंडामुळे!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नायतर तुम्ही म्हणाल म्हातारा कायतरी बरळतोय.

मनस्वी म्हणजे माझी पुतणी, धाकट्या भावाची मुलगी. भाऊ महेंद्र मुंबईला नोकरीला. भावजय स्वप्ना आणि पोरगी इथे, रत्नागिरीजवळच्या पालीपासून आत आमची वाडी आहे तिथे. आमच्याकडे मैदान म्हणजे काय? कातळ! उघडा, खडबडीत कातळ. त्यावर चेंडू टाकलात तर तो कुठे जाईल ते चेंडूलाही ठाऊक नसतं... कधी गुडघ्यावर, कधी हनुवटीला, कधी सरळ काजूच्या झाडात. वाडीतली पोरं तिथे अंडरआर्म खेळायची आणि हिला घ्यायची नायत. ‘तू नुसता बॉल आणून दे गो!’ ही बॉल आणायला जायची आणि द्यायचीच नाय! ‘आधी बॅटिंग.’ आठ वर्षांची होती हो! आणि एकदा बॅट हातात आली की दिवस मावळेपर्यंत आउट व्हायची नाय, शेवटी पोरंच कंटाळून घरी. जी पोरगी त्या कातळावर टिकली, तिला गवतावर कोण काय करणार?

पण तिला रत्नागिरीला पहिल्यांदा नेलं कुणी? मी! त्यात मात्र माझी चूक नाय, एवढं तरी माझ्या नावावर राहू द्या. जिल्ह्याची निवड चाचणी होती, मी माझ्याच ड्युटीच्या गाडीत शेजारी बसवून नेली. सगळ्या वाटेत तिचं एकच, ‘काका, पोचू ना वेळेवर?’ आणि मी प्रत्येक थांब्यावर घंटी मारतोय, ओरडतोय, ‘लवकर! लवकर चढा, पोरीची मॅच आहे!’ पोचलो. निवडली. मग महाराष्ट्राचा एकोणीस वर्षांखालचा संघ, मग मोठा संघ, मग पेपरात फोटो... आणि एक दिवस स्वप्ना धावत आली, पायात चप्पल नाय, हाताला तांदळाचं पीठ. ‘दादा, दादा, भारत!’ मी म्हटलं, काय झालं भारताला? ‘आपली मनू भारताच्या टीममध्ये हो!’ वीस वर्षांची पोर! मी तिथेच पायरीवर बसलो.

आता गावची लेक परदेशात खेळायला जाणार म्हटल्यावर देवाला सांगायला नको? आणि आमच्या गावात देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा, म्हणजे माझा. मी एकेक मागणं मागायचं आणि दर मागण्याला गावानं ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, गावानं तसं म्हटलं की देवाकडे अर्ज पोचला. तर मी सुरू केलं. ‘बा देवा केदारलिंगा, ही तुझी लेक सातासमुद्रापार चाललीय...’ व्हय म्हाराजा! ‘तिच्या वाटेत काटाकुटा असंल तो बाजूला कर...’ व्हय म्हाराजा! ‘तिथं तिला पोटभर भात मिळू दे...’ व्हय म्हाराजा! हे स्वप्नानं सांगितलेलं होतं. आणि मग मी... आणि मग या तोंडानं... ‘आणि पोरीला सुखरूप, लवकर परत येऊ दे!’

आणि सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा!

सगळे म्हणाले हो! शंभर माणूस होता देवळात. एकाला तरी शंका आली? एकजण तरी म्हणाला, काशीराम, जरा थांब, शब्द बदल? नाय. आणि आता सगळे शहाणे!

सामन्याच्या दिवशी शेजारच्या दत्तारामच्या पडवीत टीव्ही लावला. अख्खी वाडी जमलेली, विमलानं, म्हणजे आमच्या हिनं, टीव्हीलाच कुंकू लावलं. आणि आली हो आमची मनू! निळे कपडे, हेल्मेटमधून नुसते डोळे दिसतायत, पण बॅट टेकवायची पद्धत तीच, कातळावरची. स्वप्नानं तर डोळेच मिटून घेतले. ती गोलंदाज धावत आली, चेंडू टाकला, आणि... दांडी! पहिल्याच चेंडूला मधली दांडी उडाली! आणि टीव्हीवरचा माणूस काय म्हणाला सांगू? ‘आणि मनस्वी पहिल्याच चेंडूवर तंबूत परत!’

परत! अगदी हाच शब्द!

आणि मग तो बाबल्या, जो कधी देवळाची पायरी चढत नाय, तो माझ्याकडे वळला आणि अगदी शांतपणे म्हणाला, ‘काशीदादा... देवानं ऐकलान हो तुमचा.’

झालं! शंभर डोकी माझ्याकडे वळली. आमची ही म्हणते, ‘तुम्हाला लवकर म्हणायला कोणी सांगितलान होता? देव काय तुमच्या गाडीतला पॅसेंजर हाय?’ म्हटलं, अगो, लवकर घरी, असं माझ्या मनात होतं! ‘मग घरी म्हणायचा! घरी हा शब्द काय जड होता?’ मी चपला घालून निघालो... घरी आल्यावर कळलं, त्या चपला दत्तारामच्या.

आता दुसरा सामना तीन दिवसांनी. मी म्हटलं, चूक आपली, दुरुस्ती आपण करायची. सकाळी आंघोळ करून देवळात गेलो, गावाला बोलावलं. या वेळी एकेक शब्द तोलून मापून! ‘बा देवा, मागच्या खेपेला माझ्या तोंडातून चुकून कायतरी गेलं, ते पोटात घाल...’ व्हय म्हाराजा! हे जरा जास्तच जोरात म्हणाले. ‘या खेपेला पोरीला उभी ठेव! जागची हलू देऊ नको! कुणी आलं तरी तिला आउट होऊ देऊ नको!’ आणि सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा!

तुम्हाला सांगतो, देव एवढं शब्दाला धरून चालतो हे मला साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. शेवटचे तीन चेंडू राहिले तेव्हा पलीकडच्या टोकाला एकजण धावबाद झाली आणि तिथे हिला पाठवलं. समोर दुसरी पोरगी खेळतेय. पहिला चेंडू, तिनं चौका मारला. दुसरा, तिनं चौका मारला. तिसरा... षटकार! संपलं! आणि आमची मनू? पलीकडच्या टोकाला उभी! बॅट टेकून, बसथांब्यावर उभी असल्यासारखी! उभी ठेव म्हटलं, उभी ठेवली. हलू देऊ नको म्हटलं, हलली नाय. आउट होऊ देऊ नको म्हटलं, नाबाद! शून्यावर नाबाद! दोन सामने, मिळून एक चेंडू, धावा शून्य... आणि पुढच्या दौऱ्याची यादी आली तर तिचं नाव नाय.

लोक हसतात. हसा. पण स्वप्ना माझ्याशी एक शब्द वाईट बोलली नाय हो, ते जास्त लागलं. रोज मला चहा आणून देते आणि विचारते, ‘दादा, साखर बरोबर हाय?’ अशा वेळी माणसानं शिव्या द्याव्यात. चहा देऊ नये.

आणि आता तुम्हाला एक सांगतो, गावाला नाय सांगितलं. गावाला मी सांगितलं की सवयीनं गेलं, कंडक्टरचं तोंड, लवकर म्हटल्याशिवाय वाक्य पुरं होत नाय. खोटं! सवयीनं नाय गेलं. ती सरावाच्या शिबिराला गेल्यापासून मला करमत नव्हतं. निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी मीच तिला कातळावर चेंडू टाकायचो. ती गेली, आणि मी त्या वेळेला तिथे जाऊन नुसता बसायचो. त्या दिवशी देवापुढे उभा राहिलो तेव्हा मनात भारत नव्हता, विजय नव्हता, काय नव्हतं. मनात होतं, ही येऊ दे आता. लवकर. स्वतःसाठी मागितलं मी, आणि नाव तिचं लावलं.

शिमग्याला आली ती. शिमग्याला आमच्याकडे चाकरमानी कसाही येतोच, आणि ही तर रिकामीच होती... बघा, पुन्हा माझ्यामुळे. दारात देवाची पालखी येणार म्हणून अंगण, म्हणजे आमचं खळं, सारवलेलं, आणि त्या सारवलेल्या खळ्यात मी तिच्यापुढे उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. लवकर, उभी ठेव, सगळं. करमत नव्हतं तेही. ती ऐकून घेत होती, ऐकून घेत होती... आणि खो खो हसायला लागली!

‘काका, तो बॉल आत आला. माझी बॅट उशिरा खाली आली. लवकर नाही हो, उशिरा!’

म्हटलं, म्हणजे देवाचा काय संबंध नाय? ‘नाही.’ माझा? ‘तुमचा तर अजिबात नाही!’ आता बघा, तीन महिने मी जेवलो नाय धड, झोपलो नाय धड, आणि ही म्हणते अजिबात नाही! सुटलो म्हणून आनंद व्हायला हवा होता ना? मला जरा वाईटच वाटलं.

मग ती हसायची थांबली. म्हणाली, ‘पण काका, त्या दोन मॅचनंतर मला कुणाचा फोन आला नाही. मी राज्याकडून दोन शतकं मारली, तरी नाही. म्हणून मला आता भीती वाटते. तुम्ही आज पालखीपुढे गाऱ्हाणं घाला.’ मी म्हटलं, बाय गो, माझ्या तोंडावर कुलूप घातलंय मी! आताच म्हणालीस ना, माझा संबंध नाय? ‘संबंध नाही. पण तुम्ही म्हणता आणि सगळे व्हय म्हणतात ना, ते मला हवंय. संघात परत येऊ दे म्हणा. परत हा तर तुमचा हातखंडा शब्द!’

पालखी आली, ढोल थांबले. ‘बा देवा म्हाराजा, आमच्या मनस्वीला... भारताच्या... महिलांच्या... क्रिकेटच्या...’ बाबल्या मागून म्हणतो, ‘काशीदादा, पत्ता पण सांगा!’ ‘...संघात परत येऊ दे! लव...’ जीभ चावली! रक्त आलं! पण गाव थांबतोय होय?

सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा!

आणि दीड महिन्यानं यादी आली. नाव! आहे! संघात परत! स्वप्ना रडली, विमला रडली, बाबल्यानं मला खांद्यावर घेतलं आणि दोन पावलांत खाली ठेवलं, झेपेना. सामन्याच्या दिवशी पुन्हा दत्तारामची पडवी, पुन्हा टीव्हीला कुंकू. आणि आली हो मनू! निळे कपडे, डोक्यावर टोपी... हातात पाण्याच्या बाटल्या. बारावी खेळाडू! संघात परत येऊ दे म्हटलं होतं ना? आली. खेळू दे असं म्हटलं होतं मी? नाय. धावत मैदानात जाते, पाणी देते... आणि लवकर परत येते!

सगळ्या पडवीनं माझ्याकडे बघितलं. स्वप्नानं चहा आणला.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. मी तर घेतच नव्हतो, विमलानं माझ्या कानाला लावलान. ‘काका, ऐका. रविवारी मला खेळवतायत. गाऱ्हाणं मी लिहून पाठवलंय मोबाइलवर. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. तुम्ही फक्त वाचायचं. कळलं?’

तीस वर्षं हो! तीस वर्षं गाऱ्हाणं मी घालतोय आणि मान हलवतोय गाव. आता मी काय म्हणणार?

म्हटलं, व्हय म्हाराजा.