खाटेखालचे काका

बाळगोपाळांनो, पुढे सरका आणि डोळे मिटा बघू! वसंतराव, तुम्ही नका मिटू. तुमचे मिटले की थेट आरतीला उघडतात!

मिटले? आता बघा. समोर मोबाईल उभा आहे. पाठीला तांदळाच्या डब्याचा टेका. मोबाईलमध्ये मॅडम, आणि मॅडमनी नेमकं तुमचंच नाव घेतलं! उत्तर येत नाही. सगळा वर्ग चौकटीचौकटीतून तुमच्याकडे बघतोय. इतक्यात पाठीमागून कुणीतरी हळूच उत्तर सांगतं. घ्याल का?... अरे, हसताय कशाला? घ्याल! सगळेच घ्याल!

उघडा डोळे. आता प्रश्न मोठ्यांना. ज्याच्यावर आपली माया आहे, तो बोलता बोलता अडला, तर त्याच्या वतीनं आपण बोलावं की गप्प बसावं? माया कशात आहे — बोलण्यात, की गप्प बसण्यात? लगेच माना हलवू नका. आधी मंडळी, ऐका!

वैनगंगेच्या पलीकडे, झाडीपट्टीत एक गाव. तिथली माणसं नाटकवेडी! धान घरात आलं की रात्र रात्र नाटकं. त्या गावात डोंगरवारांचं घर, आणि घरात सगळेच नाटकातले. वडील उद्धवराव खलनायक करायचे. आई निर्मलाबाई महाराणी. आणि धाकटे काका तुळशीराम — ते प्रॉम्प्टर. म्हणजे काय? पडद्याआड पुस्तक घेऊन बसायचं, आणि नट अडला की पुढचं वाक्य पुरवायचं. नाटकात शांतता पडली की काकांचा जीव घाबरा! नटानं मुद्दाम थांबावं, तर हे आतून ओरडणार, "बोल नं बापा, बोल!"

या घरात एक मुलगी. सुगंधा. सातवीत. गावची शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर तालुक्याची निवासी शाळा. तिथे जागा मिळाली तर आठवी, नाहीतर घरच्यांच्या नाटक कंपनीसोबत गावोगाव फिरून आईच्या साड्यांच्या घड्या करायच्या. सुगंधाला शिकायचं होतं, मंडळी! फार शिकायचं होतं.

आणि नेमकी तेव्हा साथ आली. शाळा बंद, नाटकंही बंद. शाळा आली मोबाईलवर — आणि सगळी कंपनी बसली घरात! आता काय होणार?

सकाळी वर्ग सुरू. हेडाऊ मॅडम हजेरी घेतायत. "सुगंधा डोंगरवार?"

पोरीनं तोंड उघडायच्या आत दारातून उद्धवराव गरजले, "हजर आहे! हाऽ हाऽ हाऽ!"

चौकटीतली दोन पोरं घाबरून उठून गेली!

मॅडम म्हणाल्या, "सुगंधा, अपूर्णांक म्हणजे काय?" पोरगी विचार करू लागली. शांतता. झालं! दाराआडून पुस्तक उघडून काका सुरू — "एखाद्या वस्तूचे समान भाग केले असता..." सुगंधानं शब्दाला शब्द म्हटलं. काका पुढे, पोरगी मागे. "...त्यांतील काही भाग घेतल्यास..." "...त्यांतील काही भाग घेतल्यास..." काकांची नजर चुलीकडे गेली. "वहिनी, दूध उतू चाललं!"

आणि आपली सुगंधा मॅडमना काय म्हणते? "वहिनी, दूध उतू चाललं!"

हसा, हसा! पण आपण काय वेगळं करतो हो? पूजेला बसतो. गुरुजी सांगतात, "मम म्हणा." आपण म्हणतो, "मम." कशाचं मम, कुणाचं मम? गुरुजी शिंकले तर आपण शिंकू! आणि उद्या देवानं विचारलं, "बाबा रे, तुझं स्वतःचं काही म्हणणं?" — की आपण मागे वळून गुरुजींना शोधणार!

असे महिने गेले. सगळी उत्तरं बरोबर, आणि पोरीच्या डोक्यात? रिकामी वखार! मॅडमना संशय होताच. एकदा त्या हळूच म्हणाल्यासुद्धा, "सुगंधा, नाही समजलं तर नाही समजलं म्हण. मी थांबीन." पण नाही समजलं म्हणायला वेळ कुठे मिळतो? काका तयारच!

मग आली निवासी शाळेची मुलाखत. तीही मोबाईलवर. घरात पहिल्या प्रयोगाची धांदल! उद्धवरावांनी पाठीमागे राजवाड्याचा रंगवलेला पडदा टांगला. आईनं पोरीला महाराणीची पावडर फासली. आणि काका? पुस्तक घेऊन खाटेखाली! वरून चादर सोडली जमिनीपर्यंत.

"काका, मले भेव वाटते."

"काहून? मी आहो नं! थांबायचं नाही, येवढंच ध्यानात ठेव."

मोबाईलवर निवासी शाळेचे सर आले. शांत माणूस. म्हणाले, "बाळ, एक भाकर आहे. तीन मुलांत सारखी वाटली. त्यातल्या एका मुलानं आपला अर्धा वाटा कुत्र्याला दिला. तर कुत्र्याला अख्ख्या भाकरीचा कितवा भाग मिळाला?"

खाटेखाली पानं फडफडली. धडा चाळला, स्वाध्याय चाळला — पुस्तकात कुत्राच नाही! गाय आहे, आंबे आहेत, कुत्रा नाही! वर शांतता. शांतता वाढली. काकांना राहवेना! आणि सवयीनं, जे तोंडात आलं ते त्यांनी पुरवलं —

"महाराज, घात झाला!"

आणि सवयीनंच सुगंधा सरांना म्हणाली, "महाराज, घात झाला!"

सर दचकले. "काय झालं बाळ?"

मंडळी, इथे पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला दिसलं, आपली आठवी चालली. दारात बाप उभा, आई उभी. खाटेखालून काका कुजबुजतायत, "बोल नं, काहीबी बोल!" सुगंधानं पावडर पुसली. वाकून चादर वर केली आणि म्हणाली, "काका, बाहेर या."

सरांना दिसलं — राजवाड्यासमोर, खाटेखालून एक मिशाळ माणूस पुस्तक घेऊन रांगत बाहेर येतोय!

"सर, हे माझे काका. आतापर्यंत हेच उत्तरं सांगत होते. मले गणित समजलं नाही. परत सांगता का?"

सर रागावले नाहीत. चष्मा पुसला, आणि तोच प्रश्न सावकाश सांगितला. म्हणाले, "घाई नाही. मी थांबतो."

आता पेटीवाले, पेटी थांबवा. मृदंगावरचा हात उचला. सभामंडपात कुणी बोलू नका. सुगंधा विचार करतेय...

बघा! एवढी शांतता तुम्हालाही सोसवत नाही! चुळबुळ सुरू! मग तुळशीराम काकांचं काय झालं असेल? त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडात कोंबला, डोळे घट्ट मिटले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. जन्मभर बोलून सेवा केली, आज गप्प बसून करत होते. अहो, काय कष्ट त्या माणसाचे!

सुगंधानं जमिनीवर बोटानं गोल काढला. तीन वाटे केले. म्हणाली, "अर्धा!"

"वाट्याचा अर्धा, बरोबर. पण अख्ख्या भाकरीचा?"

दुपट्टा आणखी आत गेला. पोरगी पुन्हा गोलाकडे बघते. "म्हणजे... तिघांनीबी आपले वाटे अर्धे केले असते... तर सहा तुकडे. कुत्र्याले त्यातला एक." आणि ओरडलीच, "एक षष्ठांश!"

उद्धवरावांनी हाऽ हाऽ हाऽ केलं, ते खरं हसू होतं! सर म्हणाले, "सकाळपासून इतकी मुलं झाली. पुन्हा सांगा म्हणणारी तू पहिली. ये आमच्याकडे आठवीला."

तर मायबाप, घरी जाल तेव्हा लेकराला बसायला एक ठरलेली जागा द्या. त्याच्या वर्गाच्या वेळेला टीव्ही बंद ठेवा. भूक लागली तर खायला द्या. उत्तर तेवढं त्याचं त्याला शोधू द्या. ते अडेल, तेव्हा तुमचा दुपट्टा तुमच्या तोंडात! आणि बाळांनो, नाही समजलं हे म्हणायला लाजू नका. देवाजवळ नाही, मास्तरांजवळ तर नाहीच नाही.

आणि त्या सुगंधानं पुढे काय केलं, माहीत आहे? मोबाईल बंद झाला, तसं काकांना त्या गोलाजवळ बसवलं. काकांनी जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं वाचली, पण अपूर्णांक त्यांनाही कधी समजले नव्हते. ती म्हणाली, "काका, आता दोन पोरांनी आपला अर्धा अर्धा वाटा कुत्र्याले दिला. सांगा, कुत्र्याले किती?"

काका गोलाकडे बघत राहिले. बोटं मोडली. मिशी ओढली. तिच्याकडे आशेनं बघितलं.

उत्तर तिच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं काकांच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, त्याचं टोक स्वतःच्या तोंडात धरलं — आणि मांडी घालून बसून राहिली.